ब्लॅक मेटलची वर्षअखेरची यादी: क्रम लावायचा कसा

डिसेंबर लागला की यादी करायची हुक्की येते आणि पहिला घोटाळा तिथेच होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऐकलेलं सगळं वर चढतं. फेब्रुवारीत आलेला अल्बम तेव्हा आठवडाभर डोक्यातून जात नव्हता, आता त्याचं नावही चटकन सुचत नाही. आठवणीच्या भरवशावर केलेली यादी शेवटच्या दोन महिन्यांचीच होते. ब्लॅक मेटलमध्ये, म्हणजे मेटलच्या या वेगवान, किंचाळत्या आणि बहुधा कच्च्या आवाजाच्या शाखेत, हा धोका आणखी मोठा, कारण इथे पहिल्या ऐकण्यात जाणवतो तो आवाजाचा पोत. रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा), चाल, गाण्याची बांधणी हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला उलगडतं. म्हणून या कामात महत्त्वाची गोष्ट एकच: परत ऐकणं, आणि दोन अल्बम शेजारी ठेवून ऐकणं. पुढे सांगितलेली सगळी तयारी त्यासाठीच आहे.

वर्षभर ब्लॅक मेटल ऐकलं आहे, पण यादी कधी केलेली नाही, अशांसाठी हे लिहिलं आहे. उदाहरणं बहुतेक 2024 ची आहेत, कारण त्या वर्षाचा धुरळा आता खाली बसला आहे.

आधी नियम, मग ऐकणं

काय धरायचं आणि काय नाही हे जानेवारीतच ठरवा. डिसेंबरमध्ये ठरवायला बसलात तर आवडत्या अल्बमला आत घेण्यासाठी नियम वाकवाल.

पहिला प्रश्न तारखेचा. रेकॉर्डिंग कधी झालं याला किंमत नाही, लोकांच्या हाती कधी आलं ते पाहायचं. बर्झुमचा ‘फिलोसोफेम’ मार्च 1993 मध्ये रेकॉर्ड झाला आणि जानेवारी 1996 मध्ये बाहेर आला; तो 1996 चाच अल्बम. आता गुंता वेगळा असतो. कॅसेट मार्चमध्ये, डिजिटल मे महिन्यात आणि एलपी थेट पुढच्या वर्षी, असं लहान लेबलांकडे सर्रास चालतं. सोपा नियम असा: कुठल्याही रूपात पूर्ण अल्बम सर्वांना ऐकता येऊ लागला, ती तारीख धरा. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर दिसणारी तारीख लेबलनं स्वतः भरलेली असते आणि जुन्या डेमोच्या नव्या आवृत्तीवर ती हमखास नवी असते. त्यामुळे एन्सायक्लोपीडिया मेटॅलम, म्हणजे जिला सगळे मेटल आर्काइव्ह्ज म्हणतात त्या साइटवर बँडच्या पानावर जाऊन पहिल्या आवृत्तीचं वर्ष तपासा. ही साइट 2002 पासून चालू आहे. तिचे संपादक प्रकारांच्या बाबतीत कमालीचे काटेकोर आहेत आणि तारखांसाठी तोच काटेकोरपणा आपल्या कामी येतो.

डिसेंबरमधल्या अल्बमांचं काय? यादी 15 डिसेंबरला द्यायची असेल तर 20 तारखेला येणाऱ्या अल्बमवर अन्याय होतो, आणि हिवाळ्यातच अल्बम काढायचा हट्ट असलेले बँड या शैलीत कमी नाहीत. वर्ष 1 डिसेंबर ते 30 नोव्हेंबर असं धरा. गेल्या डिसेंबरचे अल्बम मग या वर्षी येतात आणि कुणी सुटत नाही. हा नियम यादीच्या वर एका ओळीत लिहा, नाहीतर ‘हा तर गेल्या वर्षीचा’ असं सांगणारे दहा जण भेटतील.

दुसरा प्रश्न प्रकाराचा. पूर्ण अल्बम घ्यायचे. ईपी (छोटे अल्बम), स्प्लिट (दोन बँडांनी वाटून घेतलेले), डेमो (कच्ची रेकॉर्डिंग) आणि लाइव्ह यांची वेगळी छोटी यादी करायची. मिनिटांवर हद्द आखू नका. कच्च्या धाटणीच्या ब्लॅक मेटलमध्ये 35 मिनिटांचा डेमो असतो आणि 29 मिनिटांचा अल्बमही असतो. बँड त्याला जे म्हणतो ते मान्य करा. जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड केलेले अल्बम आणि डेमोंचे संग्रह बाहेर ठेवा.

एकाच अल्बमची दोन रूपं आली तर? फेब्रुवारी 2024 मध्ये नॉर्वेच्या इसान या संगीतकारानं स्वतःच्याच नावाचा अल्बम दोन रूपांत एकदम काढला, एक पूर्ण मेटल वाद्यवृंदासह आणि दुसरा निव्वळ ऑर्केस्ट्राचा. अशा वेळी एकच जागा द्या आणि कोणत्या रूपासाठी दिली ते लिहा.

तिसरा प्रश्न हद्दीचा, आणि खरी भांडणं यावरच होतात. डार्कथ्रोन हे नाव ब्लॅक मेटलच्या पायाशी आहे, पण त्यांचा एप्रिल 2024 चा ‘इट बेकन्स अस ऑल’ ऐकलात तर त्यात जुनं हेवी मेटल आणि डूम (संथ, जड मेटल) जास्त सापडेल. अल्सेस्टचा जून 2024 चा ‘ले शाँ द लोरोर’ शूगेझच्या, म्हणजे धूसर गिटारींच्या स्वप्नाळू रॉकच्या, इतका जवळ आहे की किंचाळणारा आवाज अधूनमधूनच कानावर येतो. जर्मन कानोननफीबरच्या ‘दी उरकाटास्ट्रोफं’मध्ये डेथ मेटलचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या डेमोनिक रिझरेक्शनच्या 2017 च्या ‘दशावतार’बद्दलही हाच वाद घालता येतो. इथे टक्केवारी काढत बसू नका. एकच कसोटी लावा: ट्रेमोलोनं (एकच सूर झरझर छेडत) वाजवलेली गिटार, किंचाळता गळा आणि चढत जाणारं वातावरण या तीन गोष्टी काढून घेतल्या तर अल्बम उभा राहतो का? राहत असेल तर तो दुसऱ्या यादीचा. या कसोटीवर आमच्या मते डार्कथ्रोनचा हा अल्बम बाहेर जातो आणि कानोननफीबर आत राहतो. तुमचं उत्तर वेगळं निघेल, हरकत नाही. फक्त कसोटी सगळ्यांना सारखी लावा.

वहीत काय लिहायचं

फोनवरच्या साध्या तक्त्यात आठ रकाने पुरतात: ऐकल्याची तारीख, बँड, अल्बम, देश, लेबल, मिनिटं, खूण आणि एक ओळ. खुणा तीनच ठेवा. ‘परत’, ‘कदाचित’, ‘नको’. दहापैकी गुण देण्याचा मोह टाळा. पहिल्या महिन्यात हात सैल असतो, नंतर आवळतो, आणि वर्षअखेरीस सत्तर अल्बम साडेसात ते साडेआठच्या मध्ये अडकलेले दिसतात. त्यातून क्रम काही निघत नाही.

‘एक ओळ’ या रकान्यात विशेषणं नकोत. गाण्याचा क्रमांक आणि मिनिट लिहा: ‘तिसरं गाणं, 4:10, ढोल थांबतात आणि एकच गिटार उरते’. ‘भारी वातावरण’ असं लिहिलेल्या ओळीवरून नऊ महिन्यांनी काहीही आठवत नाही. मिनिट लिहिलेलं असेल तर तिथूनच वाजवता येतं.

बँडचं नाव मूळ लिपीत बँडच्या पानावरून कॉपी करून ठेवा. आइसलँड आणि पोलंडच्या बँडांची अक्षरं हाताने टाइप करायला गेलात तर शोधताना अल्बम सापडत नाही. लोगोवरून नाव वाचण्याचा तर प्रयत्नच नको. अर्ध्या लोगोंमध्ये वडाच्या पारंब्यांपलीकडे काही दिसत नाही.

अल्बम मिळवायचे कुठून

मेटल आर्काइव्ह्जच्या सविस्तर शोधात प्रकारात ‘ब्लॅक’, रिलीजच्या प्रकारात पूर्ण अल्बम आणि तारखेत एक महिना टाकला तर त्या महिन्याची यादी मिळते. वर्षाचा आकडा हजारांच्या घरात जातो. सगळं ऐकणं कुणालाच शक्य नाही, त्यामुळे गाळणी लागते. सगळ्यात चांगली गाळणी म्हणजे लेबल. फ्रान्सची ओस्मोस, सीझन ऑफ मिस्ट आणि डेबेमूर मोर्टी, नॉर्वेचं टेरातूर पझेशन्स, जर्मनीचं आयझेनवाल्ड, कॅनडाचं प्रोफाउंड लोर, अमेरिकेचं ट्वेंटी बक स्पिन यांना बँडकॅम्पवर फॉलो करा. मुंबईच्या ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटीकडे डेथ मेटल जास्त असलं तरी ब्लॅक मेटलही बरंच येतं, आणि जगभरच्या बँडांचं.

आठवड्याला दोन-तीन नवे अल्बम ऐकले तर वर्षाला शंभर ते दीडशे होतात. पहिल्या यादीसाठी साठही पुरेत. त्यापेक्षा कमी ऐकून ‘वर्षातले सर्वोत्तम’ म्हणू नका, ‘या वर्षी आवडलेले’ म्हणा.

विकत घ्यायचं असेल तर काही ठरावीक शुक्रवारीच येणाऱ्या ‘बँडकॅम्प फ्रायडे’ला घ्या. त्या दिवशी बँडकॅम्प आपला हिस्सा सोडतं. तो दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनं मोजला जातो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होतो, हिवाळ्यात दीडला. शुक्रवारी सकाळी उठून घेतलंत तर बँडला नेहमीइतकेच पैसे जातात. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते आदल्या दिवशी पाहून घ्या.

कान जागेवर आणणं

नवख्या ऐकणाऱ्याची मोठी अडचण ही की मुद्दाम कच्चा ठेवलेला आवाज आणि बिघडलेला आवाज यांतला फरक कळत नाही. दोन्हीत खरखर असते. हा फरक कळल्याशिवाय क्रम लावू नका, नाहीतर स्वच्छ आवाजाचे अल्बम आपोआप वर जातील, किंवा उलट, प्रत्येक खरखरीला खानदानी समजून डोक्यावर घ्याल.

यासाठी फेब्रुवारी 1994 मध्ये आलेले दोन अल्बम लागोपाठ ऐका. पहिला, डार्कथ्रोनचा ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’: चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केलेला, सगळी वाद्यं बँडच्या फेनरीझनं एकट्यानं वाजवलेली, आठ गाणी, चाळीस मिनिटांच्या आत. ढोलांचा एकच ठेका जवळपास शेवटपर्यंत चालतो आणि बदलते ती फक्त गिटारची चाल. आवाज पातळ आहे, पण पहिल्या गाण्याची रिफ पहिल्याच फेरीत गुणगुणता येते. दुसरा, एम्परर या बँडचा ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’, नॉर्वेतल्या बर्गनच्या ग्रिगहालेन या सभागृहात रेकॉर्ड झालेला. तिथे कीबोर्डाची भिंत आहे, गिटार मागे दबलेली आहे आणि सगळ्यावर दालनाचा घुमारा. एकात उणीव हीच मांडणी, दुसऱ्यात भरणा हीच मांडणी. दोन्ही आवाज ठरवून केलेले आहेत.

आता नव्या अल्बमला हा प्रश्न विचारा: रिफ ऐकू येते का? खरखरीतून चाल वर येत असेल तर कच्चा आवाज कामाचा आहे. ढोलांची झांज सगळ्यावर पसरून चालच गिळत असेल तर मिक्स, म्हणजे वाद्यांच्या आवाजांचा मेळ, फसलं आहे, मग कॅसेटच्या पन्नासच प्रती का निघेनात. बास गिटारबद्दल मात्र तक्रार करू नका. या शैलीत बास ऐकू न येणं हे जुनं वळण आहे. ऐकू आला तर तो अधिक गुण.

सवड असली तर आणखी दोन जोडा: डिसेक्शनचा 1995 चा ‘स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन’ सुरेल गिटारीसाठी आणि डेफहेवनचा 2013 चा ‘सनबेदर’, शैलीची हद्द किती ताणली गेली ते कळण्यासाठी.

आवाजाची पातळी: इथे बहुतेकांचा निकाल चुकतो

दोन अल्बम शेजारी ठेवले की जो थोडा मोठ्यानं वाजतो तो चांगला वाटतो. हे कानाचं साधं शास्त्र आहे आणि त्यातून कुणी सुटत नाही. मोठ्या लेबलचा अल्बम दाबून चढवलेला असतो, दोन माणसांनी खोलीत बसून केलेला खाली असतो. आवाजाची कळ न हलवता ऐकलंत तर निकाल मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, करणाऱ्याच्या हाती जातो.

फाइल्स संगणकावर असतील तर फूबार 2000 या प्लेअरमध्ये सगळे अल्बम निवडून रीप्लेगेन (आवाजाची पातळी समान करणारं मोजमाप) मोजून घ्या आणि वाजवताना ‘अल्बम’ हा पर्याय ठेवा, ‘ट्रॅक’ नको. ट्रॅक ठेवलात तर वारा आणि पावलांच्या आवाजाचा मुद्दाम हळू ठेवलेला प्रारंभही ओढून गाण्याइतका मोठा केला जातो आणि पुढच्या गाण्याचा दणका मरतो. स्पॉटिफायवर सेटिंगमध्ये आवाज समान ठेवण्याचा पर्याय चालू करा. अल्बम सलग वाजवला की ते अल्बमची पातळी एकत्र धरतात, पण वेगवेगळ्या अल्बमांतली गाणी प्लेलिस्टमध्ये घातली की प्रत्येक गाणं स्वतंत्र मोजलं जातं. म्हणजे तुलनेसाठी प्लेलिस्ट बनवली की हळू गाणी फुगतात. तुलना अल्बममध्ये जाऊनच करा.

दुसरी अडचण दाबलेल्या फाइलची. कमी बिटरेटवर आधी मार खातात त्या झांजा आणि दाट ट्रेमोलो, म्हणजे नेमकं ब्लॅक मेटलचं अंगच. झांजेचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळीत, फिरता होतो. फुकट खात्यावर किंवा व्हिडिओ साइटवर ऐकून ‘ढोल घाणेरडे आहेत’ असं लिहू नका. निदान शेवटच्या फेरीसाठी फ्लॅक (आवाज न गमावता साठवलेली फाइल) किंवा 320 केबीपीएसची फाइल आणि तारेचा हेडफोन वापरा. हेडफोन महागडा नको, पण सर्व अल्बमांना एकच हवा. अर्धे बसमध्ये ब्लूटूथवर आणि अर्धे रात्री घरी स्पीकरवर ऐकले तर तुलना साधनांची होते.

साठातून पंचवीस, पंचवीसातून वीस

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तक्ता उघडा. ‘परत’ खूण असलेले सगळे आणि ‘कदाचित’पैकी ज्यांच्या ओळीत मिनिट लिहिलेलं आहे ते वेगळे काढा. पंचवीसच्या आसपास यायला हवेत. चाळीस आले तर खुणा सढळ हाताने दिल्यात.

हिशेब पाहा: सरासरी 45 मिनिटांचे 25 अल्बम म्हणजे एका फेरीला जवळपास 19 तास, तीन फेऱ्यांना 56. रोज तासभर दिला तरी दोन महिने. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सुरुवात केली तर हे जमणारच नाही, आणि यादीत दिसते ती घाई हीच.

पहिली फेरी पूर्ण अल्बमची, मध्ये न थांबता. दुसरी फेरी निदान दहा दिवसांच्या अंतरानं. अंतर मुद्दाम ठेवायचं. काल आवडलेलं आज आवडतंच. या दोन फेऱ्यांत पाच गळतील. गळण्याची ओळखीची खूण म्हणजे पाचव्या गाण्याला हात फोनकडे जाणं. ते तक्त्यात नोंदवा, कारण पुढे जोड्या लावताना त्याचाच उपयोग होतो.

लांबीबद्दल थोडं थांबायला हवं. स्वित्झर्लंडच्या पेसाज दिव्हेरचा नोव्हेंबर 2024 चा ‘दी बर्गं’ दीड तासाहून मोठा आहे. हल्डरचा ‘व्हर्सेस इन ओथ’ त्याच्या निम्म्याहून कमी. मोठा अल्बम कमी वेळा ऐकला जातो, म्हणून ‘किती वेळा वाजवला’ या आकड्यावर क्रम लावला तर तो बुडतो. लास्ट.एफएम या ऐकलेलं मोजणाऱ्या साइटची आकडेवारी पाहायचीच असेल तर वाजवलेली एकूण मिनिटं काढा आणि अल्बम येऊन किती महिने झाले त्यानं भागा. तरीही तो आकडा साक्षीपुरताच घ्या, निकाल त्यावर सोडू नका. उलट बाजूही आहे: लांब अल्बमला नुसत्या लांबीसाठी मान मिळतो. त्यातला अर्धा तास काढून टाकला तर काय बिघडेल? काहीच नाही असं उत्तर आलं तर तो खाली.

जोड्या लावा

आता मुख्य काम. वीस अल्बम एकदम डोळ्यासमोर ठेवून क्रम लावता येत नाही, दोन ठेवून येतो. वीस अल्बमांच्या सगळ्या जोड्या 190 होतात, पण तेवढ्या लागत नाहीत. एक-एक अल्बम योग्य जागी घुसवत गेलात तर 69 च्या वर कधीच जात नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जोड्यांचं उत्तर न वाजवताच माहीत असतं.

पद्धत अशी. कोणतेही दोन घ्या, वर-खाली लावा. तिसरा घ्या, आधी एकाशी आणि गरज पडली तर दुसऱ्याशी तुलना करा, जागा द्या. यादीत दहा झाले असतील तर अकरावा आधी पाचव्याशी तोला. जिंकला तर तिसऱ्याशी, हरला तर आठव्याशी. दर वेळी उरलेल्या भागाच्या मध्यावर जायचं. चार तुलनांत जागा नक्की होते.

एका तुलनेत काय वाजवायचं? दोन्ही अल्बमांचे तीन तुकडे: पहिल्या गाण्याची चार मिनिटं, अगदी मधलं गाणं आणि शेवटच्या गाण्याची शेवटची तीन मिनिटं. मधलं गाणं सगळ्यात बोलकं. बँड आपलं जोरदार गाणं पहिलं किंवा दुसरं ठेवतात. भरताड असेल तर ते चौथ्या-पाचव्यावर लपतं. शेवटाला अल्बम कुठे आणून सोडतो तेही कळायला हवं, कारण नुसत्या आवाज हळू करत संपणाऱ्या शेवटांची या शैलीत रेलचेल आहे.

मग एकच प्रश्न: आत्ता या दोघांतला एकच पूर्ण ऐकायला मिळणार असेल तर कोणता लावाल? ‘महत्त्वाचा कोणता’, ‘वाद्यं कोण चांगली वाजवतं’ हे प्रश्न नकोत. ते विचारले की यादी दुसऱ्यांना खूश करण्यासाठी होते.

उदाहरण घेऊ. माँट्रियलच्या स्पेक्ट्रल वूंडचा ऑगस्ट 2024 चा ‘साँग्ज ऑफ ब्लड अँड मायर’ आणि हल्डरचा फेब्रुवारीतला ‘व्हर्सेस इन ओथ’. पहिल्यात वेग, सुरेल गिटार आणि रॉक अँड रोलची ऐट. पहिल्या मिनिटापासून धरतो. दुसऱ्यात कीबोर्ड, मध्ययुगीन छटा आणि मधूनमधून स्वच्छ गायलेला आवाज; तो हळू उघडतो. नुसती पहिली गाणी वाजवली तर स्पेक्ट्रल वूंड दर वेळी जिंकेल. मधली गाणी वाजवली की सामना बरोबरीचा होतो: एकाचा वेग सारखाच राहतो, दुसऱ्याचा रंग बदलतो. आमचा कौल तरीही स्पेक्ट्रल वूंडला, कारण तिथे वेग असूनही चाली एकमेकींत मिसळत नाहीत. पण हा कौल तीन तुकड्यांनंतरचा आहे, पहिल्या चार मिनिटांचा नाही.

दर तुलनेत कोण आधी वाजलं ते लिहा आणि शंका असेल तर दुसऱ्या दिवशी उलट क्रमानं वाजवा. संथ, घुसमटवणाऱ्या अल्बमनंतर वेगवान अल्बम लावला की तो उगाच ताजा वाटतो. अक्लिसच्या ‘हाउस ऑफ द ब्लॅक जेमिनस’सारख्या दाट अल्बमनंतर तर पंधरा मिनिटं शांत बसल्याशिवाय काही वाजवू नका. दिवसाला चार तुलना पुष्कळ; सहाव्याला कान सगळ्यालाच हो म्हणतात किंवा सगळ्यालाच नाही.

कधीतरी गोल फिरेल: पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा पहिल्याला. गोंधळू नका. तुम्ही एका जोडीत चाल तोललीत आणि दुसरीत वातावरण, एवढंच झालं. तिघांची मधली गाणी एका संध्याकाळी लागोपाठ वाजवा. तरीही सुटलं नाही तर जो आधी प्रसिद्ध झाला तो वर ठेवा. जास्त महिने टिकून तो इथवर आला आहे. ‘संयुक्त पाचवा’ असला प्रकार नको.

पहिले तीन आणि शेवटचे दोन बहुधा आपोआप ठरतात. घाम निघतो चौथ्यापासून बाराव्यापर्यंत. वाचणारे मात्र पहिल्या क्रमांकावर आणि यादीत नसलेल्यांवर भांडतात, म्हणून पहिले पंधरा क्रमानं द्या आणि सोळावा ते विसावा हे पाच अल्बम खाली क्रमाशिवाय देऊन टाका.

कोणाचं नाव पुढे करतोय ते तपासा

ही पायरी इतर शैलींत क्वचित लागते, इथे लागते. ब्लॅक मेटलमध्ये नवनाझी बँडांची एक उघड शाखा आहे आणि तिच्या कडेला उघडपणे न बोलणारे बरेच. बर्झुम या नावानं ‘फिलोसोफेम’ करणारा वार्ग विकर्नेस 1994 मध्ये खून आणि चर्च जाळण्याच्या गुन्ह्यांत दोषी ठरला होता. वर कान लावायला सांगितलेल्या ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’च्या पहिल्या आवृत्तीच्या मागे ‘नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल’ अशी ओळ होती आणि त्यातल्या चार गाण्यांचे शब्द विकर्नेसचे आहेत. इतिहास माहीत असावा.

नव्या अल्बमसाठी दहा मिनिटं द्या. मेटल आर्काइव्ह्जवर गाण्यांचे विषय पाहा, सदस्यांच्या नावावर टिचकी मारून त्यांचे दुसरे बँड पाहा, मग लेबलची बाकीची यादी पाहा. तिसरी तपासणी सगळ्यात उपयोगी, कारण अशी लेबलं एकाच बँडवर थांबत नाहीत. नाव बदलून केलेले एका माणसाचे प्रकल्प याच रस्त्यानं सापडतात. काही सापडलं तर अल्बम घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण हे काम यादी देण्याआधी करा.

टिपण आणि शेवटची तपासणी

प्रत्येक अल्बमला साठ ते ऐंशी शब्द. त्यात बँडचा देश, लेबल, महिना, मिनिटं आणि निदान एक ठिकाण, गाणं आणि मिनिटासह, आलंच पाहिजे. ‘गोठवणारं’, ‘काळोखी’, ‘बर्फाळ’, ‘गूढ’ हे शब्द पूर्ण यादीत मिळून दोनदा. पंधराही अल्बम बर्फाळ असतील तर वाचणाऱ्याला त्यांतला फरक कसा कळायचा? वर क्रम लावताना कौल कशामुळे फिरला ते आठवा आणि तेच लिहा. ‘चौथ्यापेक्षा वर का’ याचं उत्तर ज्या टिपणात नाही ते टिपण अर्धवट आहे.

मित्रांनी मिळून यादी करायची असेल तर पहिल्याला पंधरा, दुसऱ्याला चौदा असे सरळ उतरते गुण देऊ नका. अशा मोजणीत कुणालाच फारसा न आवडलेला, पण सगळ्यांच्या यादीत दहावा असलेला अल्बम वर येतो. पहिल्याला 25, दुसऱ्याला 20, तिसऱ्याला 16 आणि पुढे लहान पायऱ्या ठेवा. निदान दोघांनी पूर्ण ऐकलेला अल्बमच मोजा.

देण्याआधी हे पाहा: नावांचं स्पेलिंग, तारखा, आणि एखादा देश किंवा एखादं लेबल यादीत निम्म्याहून जास्त तर नाही ना. असलं तर चुकलं असं नाही, पण तुम्ही तिथेच जास्त ऐकलं असण्याची शक्यता आहे. राहिलेल्या दिवसांत पोलंड, ग्रीस किंवा दक्षिण अमेरिकेतले ‘कदाचित’ खूण असलेले दोन-तीन अल्बम पुन्हा लावून पाहा. शेवटच्या पंधरवड्यात पहिल्यांदा ऐकलेला अल्बम पहिल्या पाचात घेऊ नका, सहावा चालेल.

यादी दिल्यावर चुकीची तारीख किंवा नाव दुरुस्त करा, क्रमाला हात लावू नका. जानेवारी-फेब्रुवारीत इतरांच्या याद्या वाचून ‘हा कसा सुटला’ असे पाच-सहा निघतीलच. त्यांच्यासाठी तक्त्यात वेगळं पान काढा आणि फेब्रुवारीअखेर ते ‘उशिरा सापडलेले’ म्हणून द्या.